विहीर आपली, झरा कुणाचा?

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची अकरा एकर कोरडवाहू. एक जुनी विहीर, चार बोअर. त्यांतली तीन कोरडी गेली. चौथ्याला साडेपाचशे फुटांवर पाणी लागलं आणि ते अजून टिकून आहे. त्यापायी पतसंस्थेचं कर्ज झालं, ताईंच्या पाटल्या गहाण पडल्या. आता एक टँकरवाला घरी येऊन गेला. पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत रोज दहा हजार लिटरचे दहा टँकर भरायचे आणि टँकरमागे रोख पैसे घ्यायचे, पाडव्याला इसार. पाणी जाणार शहराबाहेरच्या प्लॉटिंगवर आणि हॉटेलांना. ताईंचे मालक, म्हणजे यजमान, तयार आहेत. पण बांधाला लागून असलेली धाकट्या दिराची विहीर हे बोअर लागल्यापासून संक्रांतीलाच तळ दाखवते, आणि खालच्या वस्तीवरच्या बाया हंडे भरायला ताईंच्याच विहिरीवर येतात. संभाजीनगरला शिकणारा मुलगा म्हणतो, पाणी समाजाचं आहे, विकायचा हक्क आपल्याला नाही. त्यावर वडील म्हणतात, "तुझा समाजवाद माझ्या पैशावर चालतो. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या बापाची पाच एकर पाझर तलावात गेली, तेव्हा कुठं होता समाज?" ताई विचारतात, "दोघांतलं कुणाचं ऐकू? आणि आपलीच वस्तू विकली तर त्यात पाप काय?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'आमचं' हा शब्द मोजत गेले. आमची जमीन, आमचं बोअर, आमचं कर्ज. म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच विचारते, रागावू नका: सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? बहुधा नसावं. आपल्याकडे बाई नवऱ्याला 'मालक' म्हणते आणि त्या शब्दाकडे कधी थांबून बघत नाही. पाटल्या गहाण टाकताना बोअर तुमचं होतं. इसार घ्यायच्या दिवशी मात्र ते 'त्यांचं' असणार. घरात भांडण लावायचा माझा इरादा नाही. मला एवढंच दाखवायचंय की एकाच विहिरीवर कागद एकाचा असतो, कष्ट दुसरीचे, कर्ज सगळ्या घराचं, तहान सगळ्या शिवाराची, आणि हे तुम्ही रोज बघता. तरीही पत्रात तुम्ही विचारता की पाणी आमचं की समाजाचं. दोनच खाती असल्यासारखं.

माझ्या आजोळी सहा हिश्श्यांची विहीर होती. प्रत्येक हिस्सेदाराला वार नेमून दिलेला, आजोबांचा मंगळवार. मंगळवारी सूर्य उगवल्यापासून मोट त्यांची. बुधवारी त्याच विहिरीच्या काठावर ते पाव्हण्यासारखे बसायचे. सातबाऱ्यावर इतर हक्कांत हे सगळं लिहिलेलं होतं आणि त्याला कुणी समाजवाद म्हणत नव्हतं.

आता 'वस्तू' या शब्दाकडे वळू. गव्हाचं पोतं ही वस्तू आहे. ते विकलंत तर शेजाऱ्याच्या कणगीतला गहू कमी होत नाही. बोअरच्या पाण्याचं तसं नाही. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या कातळावर वसलाय. त्या कातळात पाण्याची तळी नसतात, असतात त्या भेगा, सांधे आणि दोन थरांमधला मुरमाड पदर. तुमच्या जमिनीची हद्द बांधाला संपते, भेग संपत नाही. दिराची विहीर संक्रांतीला आटते याला दुसरी कारणंही असू शकतील, पाऊसही कमी झाला असेल. पण बोअर लागलं त्याच वर्षापासून हे सुरू झालं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे, फक्त कुणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवंय.

मालकांची बाजू कायद्यात अजिबात नाही असं मात्र नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात स्पष्ट लिहिलंय की ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, आपल्या जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमीनमालकाला आहे. कायदा झाला तेव्हा विहिरीवर मोट होती. बैल थकला की पाणी थांबायचं. कायद्याला मर्यादा घालावी लागली नाही, कारण ती बैलाच्या खांद्यावर होती. तोच हक्क आपण साडेपाचशे फुटांवरच्या सबमर्सिबलला लावतो आणि 'बापजाद्यांचा हक्क' म्हणतो. बापजाद्यांनी एवढं पाणी कधी उपसलंच नव्हतं.

म्हणून तर पुढचे कायदे झाले. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत दुसऱ्या कामासाठी विहीर घ्यायला बंदी घातली. २००९ च्या भूजल कायद्याने सरकारने अधिसूचित केलेल्या भागात शेतीसाठी आणि उद्योगासाठी साठ मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या, खाली जायला मनाई केली. तुमचं बोअर साडेपाचशे फुटांचं आहे. अशी बोअर गावोगाव आहेत आणि सहसा कुणी विचारायला येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण उद्या गावात तंटा होऊन कागद तहसीलला गेला, तर 'माझी मालकी' या शब्दाला मालकांना वाटतं तेवढं वजन उरणार नाही. दुसरं म्हणजे शेतीपंपाच्या जोडणीवर टँकर भरून विकणं हा विजेचा परवानगीबाहेरचा वापर ठरतो, आणि त्याची आकारणी दंडाच्या दराने होते. टँकरवाला हे सांगणार नाही. मीटर त्याच्या नावावर नाही.

आता थोडा हिशेब. दहा टँकर म्हणजे दिवसाला एक लाख लिटर. नळयोजनांसाठी माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप धरतात. भागाकार केलात तर अठराशे माणसांचं रोजचं पाणी होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा सगळ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, म्हणजे तुमच्या बोअरचे पाच दिवस. हा आकडा मालकांपुढे ठेवा, आरोप म्हणून नको, माप म्हणून. शेतकऱ्याला माप कळतं.

आणि आता मालकांच्या बाजूने बोलते, कारण तुमच्या पत्रात ती बाजू एका वाक्यात आलीय आणि माझ्या मते सगळ्या पत्रातलं तेच सर्वांत खरं वाक्य आहे. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यात दुष्काळी कामांतून पाझर तलाव झाले. त्याखाली ज्यांची जमीन गेली त्यांना १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला मिळायचा; तो तुटपुंजा असायचा आणि अनेकांना वर्षानुवर्षं मिळाला नाही. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चारपटीपर्यंत मोबदला देणारा कायदा २०१३ चा, आणि तो लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीला त्याचा काय उपयोग? समाजाच्या नावाने घ्यायचं आणि देणाऱ्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावायच्या, हा अनुभव ज्याच्या घरात आहे तो 'समाज' हा शब्द ऐकला की खिसा धरणारच. मुलाला हे कळायला हवं. आजोबांच्या पाच एकरांचं काय झालं, हे त्याने आधी वडिलांकडून नीट ऐकावं. समाजवादावरचं भाषण त्यानंतर.

पण ताई, पुढचं तुम्ही लिहिलेलं नाही, ते मी विचारते. तो तलाव तुमच्या विहिरीच्या वर आहे की खाली? वर असेल, आणि पत्रातल्या खुणांवरून तसंच वाटतंय, तर पन्नास वर्षं त्या तलावात मुरलेलं पाणी तुमच्या, दिराच्या आणि वस्तीच्या पायाखालून जातंय. सासऱ्यांची जमीन गेली हे खरं आहे, पण ती वाया गेली नाही. तुमच्या विहिरीचा झरा त्या पाच एकरांचं देणं आहे, आणि दिराच्या विहिरीचाही. सासरे दोघा भावांचेच वडील होते.

वस्तीचं. ती वस्ती कुणाची, हे तुम्ही लिहिलं नाही आणि मीही विचारत नाही. पण 'खासगी' हा शब्द आपल्याकडे पाण्याच्या काठावर कसा वापरला गेला ते आठवा. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी सवर्णांनी कोर्टात दावा ठोकला की तळं सार्वजनिक नाहीच, खासगी मालकीचं आहे. दावा दहा वर्षं चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो फेटाळला गेला. मालकीचा कागद तहानेच्या आड कसा उभा करता येतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आणि हे एवढंच सांगितलं तर अर्धवट होईल. त्याच्या आधी सुमारे साठ वर्षं, १८६८ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो हौद खासगी होता, त्यांच्या घरचा होता. हौद पंचांच्या ताब्यात असता तर बहुमताने तो बंदच राहिला असता. जोतीराव तो उघडू शकले याचं एक कारण म्हणजे तो त्यांचा होता. तेव्हा मालकी वाईट आणि समाज चांगला, इतकं सरळ नाही हे. तुमच्या मुलाने यावरही एकदा विचार करावा.

त्याच्या 'समाजवादा'कडेच येते. संविधानसभेत १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शाह यांनी 'समाजवादी' हा शब्द संविधानात घालायची दुरुस्ती मांडली. विरोध केला तो आंबेडकरांनी. ज्यांनी आदल्याच वर्षी शेती हा सरकारी उद्योग करावा असा आराखडा दिला होता, त्यांनी! त्यांचं म्हणणं असं की समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवायचं, आपण त्यांचे हात बांधू नयेत. आणि मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आलेलाच आहे. शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ मध्ये, आणीबाणीत. दोनच वर्षांनी, १९७८ च्या घटनादुरुस्तीने, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. आता तो साधा कायदेशीर हक्क आहे. कायद्याच्या आधाराशिवाय तुमची मालमत्ता कुणी काढून घेऊ शकत नाही, पण कायदा करून तिच्या वापराला मर्यादा घालता येते.

मालकांच्या फोनवर एक निरोप फिरतोय म्हणालात, की सुप्रीम कोर्टाने 'खासगी ते खासगीच' असा निकाल दिला. निकाल ५ नोव्हेंबर २०२४ चा, नऊ न्यायाधीशांचा. प्रकरण मुंबईतल्या जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारतींचं. प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असं बहुमताने म्हटलं हे खरं. निरोपात गळलेला भाग असा की काही खासगी मालमत्ता तशी ठरू शकते. ती वस्तू कोणत्या जातीची आहे, किती दुर्मीळ आहे, लोकांच्या जगण्याशी तिचा किती संबंध आहे आणि ती मोजक्या हातांत एकवटली तर काय होईल, हे बघून ते ठरवायचं. मालकांचं घर, ट्रॅक्टर, बैलजोडी यांतल्या कशालाच ही मापं लागू नयेत. मार्च महिन्यातलं बीड जिल्ह्यातलं भूजल मात्र या चारही मापांत बसेल असं मला वाटतं. हे माझं मत आहे, कोर्टाचं नाही.

एरवी समाजवाद आपल्या घरात कसा असतो, तर असा: दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला मजुरी मिळावी म्हणून रोजगार हमी आली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला सुरुवात झाली. मुंबईतल्या कुठल्याशा कारकुनाने तुमच्या तालुक्यातल्या कामांसाठी पैसे दिले. आज साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकार भरतं. तुमच्या मोटरचंही भरत असेल. तेव्हा मालकांना हळूच विचारा, समाज नेमका कुठे होता ते. बिलात आहे तो. (हे वाक्य जेवायच्या आधी म्हणू नका.)

मग करायचं काय? पाणी सगळं विकणं आणि सगळं फुकट सोडून देणं, दोन्ही मला पटत नाही. फुकट सोडलंत तर जो जास्त मोठी मोटर आणेल त्याचं ते होईल, आणि पाटल्या तशाच गहाण राहतील. मला पुरंदर तालुक्यातलं नायगाव आठवतं. बहात्तरच्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची चाळीस एकर जमीन कराराने घेतली आणि पाणी पंचायत उभी केली. नियम चार-पाचच होते, पण कडक. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी आधी भरायचा. यातला शेवटचा नियम लोक विसरतात. तिथे कुणाला काही फुकट मिळालं नव्हतं.

तुमच्या घरापुरतं त्यातून एवढं घेता येईल. आधी वस्तीच्या प्यायच्या पाण्याची वेळ ठरवा, समजा सकाळी दोन तास, आणि तेवढं पाणी हिशेबाबाहेर ठेवा; ते विकायचं नाही आणि त्याचे उपकारही नाहीत. मग दिराशी पाळी ठरवा. त्यांची विहीर आटली आहे, तेव्हा आठवड्यातले दोन दिवस तुमच्या बोअरवरून त्यांना पाणी, आणि त्या बदल्यात मोटरच्या दुरुस्तीचा व बोअरच्या कर्जाच्या हप्त्याचा ठरलेला वाटा त्यांनी द्यायचा. हे शंभराच्या स्टॅम्पवर नसलं तरी वहीत लिहा, दोघा जावांच्याही सह्या घ्या. तोंडी पाळी पहिल्या भांडणात मोडते. ऊस एक एकर आहे म्हणालात. यंदाचा तुटला की खोडवा ठेवू नका. माझी यादी एवढीच असती तरी या ओळीवर मी अडून बसले असते.

पैशाचं काय, हा मालकांचा प्रश्न रास्त आहे. टंचाई जाहीर झाली की तहसीलदार खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करतात आणि मालकाला ठरलेला मोबदला देतात. टँकरवाल्याइतका तो नसेल, उशिराही येईल. पण पाणी गावातच राहतं, मीटर अडचणीत येत नाही आणि पैसे कुणाच्या उपकाराचे नसतात. ग्रामपंचायतीचा प्रस्ताव लागतो, तेव्हा आत्ताच सरपंचांच्या कानावर घाला. आणि मालकांना एक मागणी ग्रामसभेत ताठ मानेने करू द्या: सासऱ्यांच्या पाच एकरांवरच्या तलावातला गाळ काढा. त्यासाठी सरकारी योजना आहे, गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात न्यायचा असतो. पहिला ट्रॅक्टर त्यांचा असू दे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या घराने जमीन दिली त्या घरातल्या माणसाने हे मागितलं तर गावात कुणाची 'नाही' म्हणायची टाप नाही.

तुमच्या नावाचं राहिलं. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा म्हणून. समाजवादावर त्यांच्याइतकी धारदार टीका महाराष्ट्रात फार थोड्यांनी केली असेल. आणि मालकीच्या वाटणीचं इतकं खोलवर गेलेलं कामही फार थोड्यांनी केलं. १९९२ पासून पतीच्या अर्जावर पत्नीचं नाव सातबाऱ्याला लावता येतं. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. मालकांना म्हणावं, कर्जात माझं नाव पाटल्यांच्या रूपाने आहेच, आता जमिनीतही लावा. मग टँकरवाल्यापुढे बसून बोलायला तुम्हालाही खुर्ची मिळेल.

पाडव्याला अजून तीन आठवडे आहेत. बोअरमध्ये दोरी सोडणं जमणार नाही, मोटर अडवते. पण दोन्ही विहिरींचं माप घेता येईल. सुताच्या दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. मुलाला या शनिवारी बोलावून घ्या. एक दिवस बोअर पूर्ण बंद ठेवा आणि दोन्ही विहिरींतलं पाणी किती गाठींवर आहे ते बघा; दुसऱ्या दिवशी मोटर दहा टँकरांइतकी चालवा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. गाठी बापाने मोजायच्या, आकडे मुलाने लिहायचे. दिरांनाही काठावर उभं राहू द्या.

ती वही मला पाठवली नाहीत तरी चालेल. इसार मात्र तोपर्यंत घेऊ नका.